पडलेल्या झाडाचं खातं

जमाखर्च शिकलेल्या माणसाला एक खोड कायमची चिकटते. दिसेल त्या गोष्टीचे तो दोन रकाने पाडतो, डावीकडं नावे आणि उजवीकडं जमा. लग्नाला गेला तर आहेर आणि जेवणावळ यांचा मेळ मनातल्या मनात घालूनच तो परत येतो. मी कॉमर्सचा पदवीधर, त्यात बँकेतला कारकून. तेव्हा ही खोड माझ्यात मुळापासून शेंड्यापर्यंत आहे. आजवर जगातल्या बहुतेक गोष्टी माझ्या या दोन रकान्यांत मुकाट्यानं बसल्या. बसलं नाही ते एक झाड. तेही उभं असताना नव्हे, आडवं झाल्यावर.

झाडाइतकी बेशिस्त मालमत्ता दुसरी नाही. जमीन जागच्या जागी असते. गाय दावणीला बांधता येते. सोनं लॉकरमध्ये ठेवता येतं आणि त्याचं भाडं आम्ही घेतो. पण झाड? मोजणीदारानं हद्द कायम करून दगड रोवले तरी झाडाला ते दिसत नाहीत. खालून त्याची मुळं शेजाऱ्याच्या विहिरीकडं निघतात, वरून फांद्या त्याच्या गच्चीवर डोकावतात. सावली तर सकाळी पश्चिमेच्या शेजाऱ्याकडं मुक्कामाला असते आणि संध्याकाळी पूर्वेच्या. ज्याचं झाड, त्याच्या वाट्याला भर दुपारी बुंध्याभोवती चटईएवढी काय ती उरेल तेवढीच.

म्हणूनच झाडाच्या बाबतीत माणसाचं व्याकरण सोयीसोयीनं बदलतं. मोहर आला की 'आमचा आंबा'. पाचोळा पडला की 'त्यांचं झाड'. फांदी वाकली की 'तुमचं झाड, बघा जरा'. आणि वखारवाल्यानं लाकडाचा भाव सांगितला की 'आपलंच आहे हो ते!' आमच्या पनवेलच्या गल्लीत ही सगळी सर्वनामं एकाच जांभळावर, चार दिवसांच्या आत चालवलेली मी ऐकली आहेत.

ते चार दिवस जून २०२० मधले. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगरकडं नारळी-पोफळीच्या वाड्यांच्या वाड्या झोपल्या. त्या मानानं पनवेलवर थोडक्यात निभावलं. आमच्या गल्लीच्या वाट्याला एक जांभूळ आलं.

हे जांभूळ मास्तरांच्या अंगणात, कंपाउंडच्या भिंतीला खेटून उभं होतं आणि कलतं होतं ओव्हरसियरांच्या बाजूला. दोघंही निवृत्त, पण गल्लीत हुद्दे निवृत्त होत नाहीत. तीस वर्षं ओव्हरसियरांची स्कूटर त्या जांभळाच्या सावलीत उभी राहिली आणि तीस वर्षं ओव्हरसियरांनी जांभळाला शिव्या दिल्या. कारण सावली जिथून येते तिथूनच जांभळं पडतात, आणि पांढऱ्या सदऱ्याला लागलेला जांभळाचा डाग सदऱ्याबरोबरच जातो. त्या दुपारी झाड मुळासकट उपटलं, भिंतीचा पाच फूट भाग घेऊन आडवं झालं आणि ओव्हरसियरांच्या पत्र्याच्या शेडवर विसावलं. खाली स्कूटर होती. मुळं मास्तरांकडं, शेंडा ओव्हरसियरांकडं, आणि मधे भिंत होती तिथं बुंधा. माणूस कुणी सापडला नाही, हे देवाचे उपकार. त्यामुळं दुसऱ्या दिवशी भांडायला दोघंही शाबूत होते.

"मास्तर, तुमचं झाड आमच्याकडं आलंय. घेऊन जा."

"मी पाठवलं नव्हतं. वारा घेऊन आला, त्याला सांगा."

"मुळं कुणाच्या अंगणात आहेत?"

"आमच्या. ती आम्ही ठेवून घेतो. शेंडा तुमच्याकडं आहे, तो तुम्ही बघा."

दोघांच्या तोंडाला मास्क होते. त्यामुळं आवाज चढवावा लागत होता, आणि आवाज चढला की आपण चिडलो आहोत असं माणसाला वाटू लागतं. तिसऱ्या दिवशी करवतवाला आला. झाड कापून न्यायचे त्यानं आठ हजार सांगितले. तत्क्षणी दोघांनीही जांभळावरचा हक्क सोडला. चौथ्या दिवशी वखारवाला आला. बुंध्यावर थाप मारून म्हणाला, "जांभूळ पाण्यात कुजत नाही, पूर्वी विहिरीच्या तळाला घालायचे. किती घ्याल?" तत्क्षणी दोघांचेही हक्क परत आले. मास्तर म्हणाले, "मुळं माझी." ओव्हरसियर म्हणाले, "माल माझ्या अंगणात आहे."

शेवटी झाड लावलं कुणी, यावर गाडी आली. साक्षीला आमच्या आईला बोलावलं. गल्लीत तिच्याहून जुनं कुणी नाही. ती म्हणाली, "लावलं कुणी नाही रे. पाखरानं टाकलेली बी ती. भिंत मागाहून झाली." म्हणजे अतिक्रमण झालं होतं ते भिंतीचं! आणि मूळ मालक जे पाखरू, त्याच्या नावाचा सातबारा निघत नव्हता.

इथं हसून विषय सोडून देता आला असता. पण माझी खोड मी सांगितलीच आहे. मला प्रश्न पडला, तो झाडाचा नव्हता. मी मागितला नाही तो फायदा मला तीस वर्षं मिळाला, तर मी त्याचं काही देणं लागतो का? आणि मी केलं नाही ते नुकसान माझ्या वस्तूनं केलं, तर ते माझ्या नावे पडतं का?

बी.कॉम.ला व्यापारी कायदा असतो, आणि उरलेला वाचनालयात मिळतो. मी शोधायला गेलो आणि माझ्या लक्षात आलं, की आमची गल्ली अडीच हजार वर्षांच्या रांगेत उभी आहे. रोमन लोकांचा बारा फलकांचा कायदा इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमाराचा. त्यात शेजाऱ्याचं झाड वाऱ्यानं तुमच्या शेतावर कललं, तर ते काढायला लावण्यासाठी दाद मागता येते. शेजाऱ्याच्या जमिनीत पडलेलं आपल्या झाडाचं फळ वेचायलाही जाता येतं. म्हणजे तेव्हाही एक मास्तर होते आणि एक ओव्हरसियर होते.

इंग्लंडात १८९४ साली लॉर्डांच्या सभागृहापर्यंत एक खटला गेला, लेमन विरुद्ध वेब. झाडांच्या खटल्यात वादीचं नाव लेमन असावं, हा योगायोगच. निकाल असा, की शेजाऱ्याच्या झाडाची फांदी तुमच्या हद्दीत आली तर आपल्या जागेत उभं राहून, न विचारता तोडा. चांगलं आहे! पण १९१९ सालचा दुसरा निकाल सांगतो, की त्या फांदीवरची सफरचंदं मात्र झाडवाल्याचीच. तिकडं जर्मनीत १९०० सालापासून लागू असलेल्या दिवाणी संहितेचं कलम ९११ म्हणतं, की फळ शेजाऱ्याच्या जमिनीत गळून पडलं की ते त्या जमिनीचं. म्हणजे तेच सफरचंद इंग्लंडात पडलं तर झाडवाल्याचं आणि जर्मनीत पडलं तर जमीनवाल्याचं. न्यूटन शहाणा. सफरचंद का पडलं याचा शोध त्यानं लावला, कुणाचं पडलं या भानगडीत तो पडला नाही.

पडलेल्या झाडाबद्दल इंग्रजी वळणाची कोर्टं एकच प्रश्न विचारतात. झाड धोक्याचं झालंय हे मालकाला ठाऊक होतं का, किंवा ठाऊक असायला हवं होतं का? असेल तर दोष त्याचा. नसेल तर आस्मानी. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढं तो तांबड्या शाईत येणार आहे.

आपल्याकडं याच्याही आधी विचार झालेला आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर फांदी कावळ्यानं मोडली असं म्हणू नये, हे आपल्या आजीलाही ठाऊक होतं. शास्त्रीबुवा त्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. मास्तरांचा बचाव सगळा याच न्यायावर होता. मी नुसता बसलो होतो, फांदी वाऱ्यानं मोडली.

आणि झाड कुणाचं, याचं एक उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा तो राजनीतीचा ग्रंथ. आरमाराला लाकूड लागतं, तर आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं. पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेनं ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं फारच जीर्ण झालेलं झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, त्याच्या संतोषानं तोडावं. इथं राजासुद्धा 'जमीन माझी' म्हणत नाही. वाढवलं त्याचं झाड, हा हिशोब. मग मला वाटलं, जांभूळ वाढवलं कुणी? पाणी मास्तरांनी घातलं. पाचोळा तीस वर्षं ओव्हरसियरांच्या सौभाग्यवतींनी झाडला. लेकरू एकाचं आणि त्याचं शी-शू दुसऱ्याकडं, असा तो संसार होता.

आता तर शहरात आणखी एक भागीदार असतो, तो म्हणजे सरकार. १९७५ सालच्या कायद्यानं शहरात आपल्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि २०२१ सालच्या दुरुस्तीनं पन्नास वर्षांवरचं झाड वारसावृक्ष ठरतं. आमच्या बँकेत साठीला माणूस निरोपाचा नारळ घेतो. झाड पन्नाशीला वारसा होतं. एकूण झाड होण्यात फायदा आहे.

एका रात्री वीज गेली होती तेव्हा मेणबत्तीच्या उजेडात मी दोघांचं खातं मांडायला बसलो. ओव्हरसियरांच्या नावे तीस वर्षांची सावली. तिची खरेदीच्या किमतीनं नोंद घ्यायची की बाजारभावानं? स्कूटरचं सीट तीस वर्षांत एकदाच फाटलं, त्यातला किती वाटा सावलीचा? जमेला पाचोळा झाडल्याची मजुरी, डाग पडलेले सदरे, पत्र्यावर वाजणाऱ्या जांभळांनी मोडलेली दुपारची झोप. मास्तरांच्या जमेला पाणी, आणि दर उन्हाळ्यात भिंतीवरून पलीकडं दिलेली परडीभर जांभळं. पण ती जांभळं ओव्हरसियरांच्याच बाजूच्या फांदीवरची असायची, म्हणून ती नोंद मी दोनदा खोडली.

झाडाला किंमत लावायला सरकारलाही सोपं गेलेलं नाही. त्या वादळानंतर कोकणातल्या बागांना भरपाई देताना सुपारीच्या झाडामागे ५० रुपये आणि नारळाच्या झाडामागे २५० रुपये धरले गेले. सुपारी धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात. ५० रुपयांत आमच्या स्टँडवर दोन वडापाव आणि एक चहा येतो. हा दोष कुणाचा म्हणून सांगत नाही. आकडा कुठला तरी लिहावाच लागतो, एवढंच मला कळतं. रकाना रिकामा सोडता येत नाही.

माझा ताळा काही जुळेना. पहाटे मला आठवलं, की असल्या नोंदींसाठी बँकेत एक खातं असतं. पैसे आले आहेत, पण कुणाचे, कशाबद्दल, ते कळत नाही. टाकून देता येत नाहीत, कुणाच्या नावावर लावताही येत नाहीत. ते सस्पेन्स खात्यात ठेवतात. ऑडिटर आला की पहिलं बोट त्याच खात्यावर ठेवतो. हे आधी साफ करा म्हणतो. बँकेत त्याचं बरोबर आहे.

पण शेजार म्हणजे दुसरं काय आहे? मागितलेली वाटीभर साखर, न मागता आलेलं लोणचं, रात्री दोनला वाजवलेलं दार, त्यांच्या पोरानं फोडलेली आपली काच, आपल्या पोरानं त्यांच्याकडं केलेला अभ्यास. सगळ्या नोंदी सस्पेन्स खात्यातल्या. कुणाचं कुणाकडं किती निघतं ते दोघांनाही ठाऊक नसतं, म्हणून दोघं एकमेकांकडं जात-येत राहतात. ज्या दिवशी दोघंही 'एकदा सोक्षमोक्ष होऊन जाऊ दे' म्हणतात त्या दिवशी शेजार संपतो आणि नुसती लगतची मिळकत उरते. आपल्या भाषेत 'हिशोब चुकता केला' याचा एक अर्थ सूड घेतला असा आहे, तो उगाच नाही.

इथं कुणीही अनुभवी बँकवाला मला अडवील आणि म्हणेल, की बुवा, अफरातफरी दडतात त्यासुद्धा सस्पेन्स खात्यातच. अगदी खरं. 'शेजारधर्म' या सदराखाली किती माणसांनी किती भिंती पुढं सरकवल्या, किती बांध कोरले, याची मोजदाद नाही. कुंपणच शेत खातं ते असं. सोसणारा सोसत राहतो आणि आपण त्याला समजूतदार म्हणतो. तेव्हा सगळंच सस्पेन्समध्ये टाकून चालायचं नाही. सावली, पाचोळा, डाग हे तिथं खुशाल राहू दे. पण जिथं कुणाच्या डोक्यावर काही पडणार आहे, तिथं नोंद नावानिशी व्हायला हवी.

आणि ती झाली होती. २०१९च्या पावसाळ्यात ओव्हरसियरांनी मास्तरांना पत्र लिहिलं होतं. 'सदर वृक्ष कललेला असून आमचे शेडवर पडणेचा धोका आहे, तरी उचित कार्यवाही व्हावी.' मास्तरांनी ते पत्र वाचलं. नुसतं वाचलं नाही, तांबड्या शाईनं त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका दुरुस्त केल्या, समासात 'सराव आवश्यक' असा शेरा मारला आणि परत पाठवलं. झाडाचं काही केलं नाही. फांद्या छाटायला अर्ज करावा लागतो, माणूस बघावा लागतो, 'पाऊस उघडला की बघू' म्हणाले आणि पाऊस उघडला की झाड सरळ दिसू लागतं. ते पत्र ओव्हरसियरांनी जपून ठेवलं होतं. मास्तरांना धोका ठाऊक होता याचा पुरावा मास्तरांच्याच अक्षरात होता, तोही तांबड्या शाईत.

पाचव्या दिवशी ओव्हरसियरांनी ते पत्र बाहेर काढलं. मला वाटलं, आता मोठा तमाशा होणार. मास्तरांनी चष्मा लावून ते पुन्हा एकदा वाचलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बारावी चूक राहिली होती." एवढं बोलून घरात गेले. ती कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि ओव्हरसियरांनीही विचारलं नाही. त्या दिवसापासून कावळ्याचा आणि फांदीचा न्याय मास्तरांच्या तोंडून कुणी ऐकला नाही.

लाकूड गेलं करवतवाल्याकडं, मजुरीच्या बदल्यात. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. स्कूटरचा विमा फक्त थर्ड पार्टीचा, आणि विम्याच्या भाषेत वारा ही थर्ड पार्टी नव्हे. ऑगस्टमध्ये मास्तरांनी पत्र्यांचे आणि स्कूटरचे म्हणून ४,२०० रुपये लिफाफ्यात घालून पाठवले. ओव्हरसियरांनी परत केले, "पत्रे जुनेच होते. सावलीचं भाडं वजा करा." मास्तरांनी पुन्हा पाठवले. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्या फेरीला दोघंही मला म्हणाले, "तुम्ही बँकेतले. तुमच्याकडं राहू द्या." बँकेबाहेर मी सांभाळतो ते हे एकमेव सस्पेन्स खातं. आत दोन हजारांच्या दोन नोटा होत्या आणि दोनशेची एक. मे २०२३ मध्ये दोन हजारांच्या नोटा चलनातून मागं घेण्याची घोषणा झाली, तेव्हा दोघंही एकत्र माझ्याकडं आले. दोघांचीही चिंता एकच, "त्यांचे पैसे बुडायला नकोत हो." मी नोटा बदलून आणल्या. लिफाफा तसाच आहे. व्याज लागत नाही.

भिंतीचं पाच फुटांचं खिंडार कुणी बांधायचं, यावर मात्र एकमत झालं नाही. एप्रिल २०२१ मध्ये मास्तरांना कोविड झाला. घरी एकटेच. मुलगी परगावी. चौदा दिवस त्या खिंडारातून डबा गेला. पलीकडच्या वहिनी बुंध्याच्या जागी उरलेल्या दगडावर डबा ठेवून मागं सरायच्या आणि मास्तर तो उचलायचे. अकरा दिवस कारलं होतं, असं ते अजून तक्रारीच्या सुरात सांगतात. शिक्षकांना अकरा हा आकडा का आवडतो, कोण जाणे. ही चौदा डब्यांची नोंद कुणी कुठं केलेली नाही. मीही केली नाही.

असली भांडणं आता पनवेलात कमी होत चालली आहेत. अंगणंच कमी होत चालली आहेत. दोन प्लॉट एक करून बिल्डर इमारत उठवतो, आणि झाड कुणाच्या हद्दीत हा प्रश्न हद्दीसकट मिटवतो. भांडण काही संपत नाही. ते उभं होतं, आता मजल्यांवर चढलं. नवव्या मजल्यावरच्या कुंडीचं पाणी आठव्या मजल्याच्या पापडांवर पडतं. तुळस वरच्यांची, ओल खालच्यांची. सोसायटीच्या सभेत त्यावर दीड तास चर्चा होते, आणि ठराव होतो की कुंडीखाली बशी ठेवावी. बशी हा उत्तम उपाय आहे. पण बशी भरली की ती रिकामी कोण करणार, ते इतिवृत्तात नसतं.

मालकी कुणाची हे कायदा सांगतो, आणि सांगायलाच हवं. कायदा नसता तर मास्तर आणि ओव्हरसियर यांनी करवतवाल्याच्या करवतीनंच निकाल लावला असता. पण पडलेलं काहीही, झाड असो, भिंत असो, माणूस असो, प्रथम उचलायचं असतं. ते कुणाचं, हे त्यानंतर बघता येतं. आणि माझा अनुभव असा, की दोघांनी मिळून उचलल्यावर कुणाचं होतं हे विचारायचं बहुधा राहूनच जातं. ऑडिटरला ते पटणार नाही. पण ऑडिटर वर्षातून एकदा येतो. शेजारी रोज असतो.